विश्लेषण : गोल्फचा ‘वेज’ निवडताना अंशांपेक्षा ‘बाउन्स’ महत्त्वाचा का?

गोल्फमध्ये टाळ्या मिळतात त्या ड्रायव्हरच्या लांब फटक्याला. पण धावफलक सुधारतो किंवा बिघडतो तो ग्रीनपासूनच्या शेवटच्या शंभर यार्डांत. तिथे कामी येतो तो वेज. तरीही नवा ड्रायव्हर घेताना चार दुकाने फिरणारा हौशी गोल्फपटू वेज मात्र टीव्हीवर पाहिलेल्या खेळाडूच्या हातात दिसला म्हणून उचलतो. वेजवर कोरलेला मोठा आकडा पाहून केलेली ही खरेदी बहुतेकदा चुकते. आपला स्विंग आणि आपले मैदान या दोन गोष्टी आधी पाहणे का गरजेचे आहे, त्याविषयी...

वेजचे प्रकार किती?

वेज म्हणजे चेंडू उंच उडवून जवळच्या अंतरावर अलगद थांबवणारा क्लब. त्याचे चार प्रकार रूढ आहेत. पिचिंग वेज साधारण ४४ ते ४८ अंशांचा, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५६ आणि लॉब वेज ५८ ते ६० किंवा त्याहून अधिक अंशांचा असतो. या अंशांना लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन. तो जितका जास्त, तितका चेंडू उंच जातो आणि कमी अंतर कापतो. इथपर्यंतचे गणित बहुतेकांना ठाऊक असते. अडचण पुढच्या आकड्यापाशी सुरू होते.

‘बाउन्स’ म्हणजे काय?

अनेक वेजवर ‘५६-१२’ असे दोन आकडे कोरलेले दिसतात. पहिला लॉफ्ट, दुसरा बाउन्स. क्लबचा तळ जमिनीला टेकवला, की पुढची धार किंचित वर उचललेली राहते. तळ आणि जमीन यांच्यातला हा कोन म्हणजे बाउन्स. होडीचा तळ तिला पाण्यात बुडू देत नाही, तसा बाउन्स क्लबला मातीत किंवा वाळूत रुतू देत नाही. ४ ते ६ अंश हा कमी, ७ ते १० मध्यम आणि त्यापुढचा जास्त बाउन्स, अशी ढोबळ विभागणी केली जाते.

या कल्पनेमागे एक इतिहास आहे. अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेन यांनी निब्लिक या जुन्या क्लबच्या तळाला धातूचा थर जोडून तो जाड केला. वाळूत क्लब खोल न जाता सरकत बाहेर यावा, हा त्यामागचा हेतू. इंग्लंडमधील प्रिन्सेस मैदानावर १९३२ साली त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली, ती हा क्लब वापरून. आजच्या सँड वेजची सुरुवात तिथून मानली जाते. म्हणजे वेजच्या शोधातच लॉफ्टपेक्षा तळाचा विचार आधी होता. विक्रीच्या काउंटरवर मात्र नेमके तेच मागे पडले.

स्विंगशी त्याचा संबंध कसा?

काही खेळाडूंचा क्लब वरून खाली कुऱ्हाडीसारखा येतो. त्यांच्या फटक्यानंतर गवताची जाड ढेप उडते. अशांनी कमी बाउन्सचा वेज वापरला, तर धार मातीत घुसते आणि चेंडू जेमतेम पुढे सरकतो. त्यांना १० अंशांहून जास्त बाउन्स हवा. याउलट काहींचा क्लब झाडूसारखा सपाट फिरतो, गवत जेमतेम खरवडले जाते. त्यांच्या हातात जास्त बाउन्सचा वेज दिला, की तळ जमिनीवर आपटून उसळतो, धार चेंडूच्या मधोमध लागते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये जातो. अशांना कमी ते मध्यम बाउन्स मानवतो.

म्हणूनच ‘माझे चिपिंगच वाईट’ असे म्हणत वर्षानुवर्षे स्वतःला दोष देणाऱ्यांपैकी काहींचा दोष हातात नसून हातातल्या क्लबमध्ये असतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण गोल्फपटूंना वारंवार ऐकवली जाते. वेजच्या बाबतीत अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते.

मैदान आणि हवामानाचे काय?

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजसारख्या समुद्रकाठच्या मैदानांवर जमीन वालुकामय, टणक आणि गवत आखूड असते. तिथे कमी बाउन्स उपयोगी. दाट, ओलसर गवताच्या मैदानांवर याच्या उलट.

महाराष्ट्रातील खेळाडूपुढचा पेच वेगळा आहे. पुण्यातील येरवडा, मुंबईतील चेंबूर किंवा खारघरमधील सिडकोचे मैदान असो. एकाच मैदानाची वर्षभरात दोन रूपे होतात. जून ते सप्टेंबर जमीन भिजून मऊ होते आणि धार सहज रुतते. तेव्हा जास्त बाउन्स तारतो. मार्च-एप्रिलपर्यंत तीच जमीन उन्हाने कडक होते, गवत विरळ पडते आणि तोच वेज उसळू लागतो.

बंकरमध्ये हिशेब उलटा होऊ शकतो. कोरड्या, भुसभुशीत वाळूत जास्त बाउन्स हवा. पण पावसाने बसलेली ओली वाळू टणक होते, तिथे कमी बाउन्सच बरा. म्हणजे पावसाळ्यात गवतावर एक आणि वाळूत दुसरा, अशी गरज एकाच फेरीत पडू शकते. ‘सर्वोत्तम वेज कोणता’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देणारी कोणतीही यादी म्हणूनच अपुरी आहे. परदेशातील मैदानांवर घेतलेल्या चाचण्या इथल्या चिखलाला आणि इथल्या उन्हाला जशाच्या तशा लागू होत नाहीत.

बॅगेत वेज किती असावेत?

नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. एक वेज वाढवायचा, तर दुसरा एखादा क्लब काढावा लागतो. त्यामुळे सुरुवात आपल्या आयर्न संचातील पिचिंग वेजचा लॉफ्ट तपासण्यापासून व्हावी. चेंडू लांब जावा म्हणून अनेक नव्या संचांत तो ४३-४४ अंशांवर आणलेला असतो. अशा संचासोबत थेट ५६ अंशांचा सँड वेज घेतला, तर मध्ये १२ अंशांची दरी राहते. समजा पिचिंग वेज ११० यार्ड जातो आणि सँड वेज ७५, तर ९०-९५ यार्डांसाठी पूर्ण फटक्याचा क्लबच उरत नाही. दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचे अंतर ठेवण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो. ४४ नंतर ५० आणि ५६ अशी रचना बहुतेक हौशी खेळाडूंना पुरेशी ठरते.

आणि ६० अंशांचा लॉब वेज? तो दिसायला देखणा, पण वापरायला कठोर. पूर्ण स्विंगमध्ये थोडी चूक झाली, तरी चेंडू वर जातो आणि पुढे जात नाही, किंवा सपाट सुटतो. आठवड्यातून एकदाच, तेही थेट पहिल्या टीवर उतरणाऱ्या खेळाडूने त्यावर पैसे घालू नयेत. त्याच पैशांत सरावाच्या चेंडूंच्या कितीतरी बादल्या येतात.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

पहिली तपासणी फुकटची आहे. जुन्या वेजचा तळ पाहावा. झीज आणि ओरखडे पुढच्या धारेजवळ असतील तर बाउन्स वाढवण्याची गरज असते. मागच्या कडेला असतील तर कमी करण्याची. दुसरी, आपण मारलेल्या फटक्यानंतरची ढेप किती खोल आहे ते पाहणे. तिसरी, नवा वेज शक्य तर गवतावर मारून पाहणे. दुकानातल्या चटईवर क्लब रुतत नाही, त्यामुळे प्रत्येक वेज चांगलाच वाटतो.

जुना वेज घेणाऱ्यांनी खाचांकडेही लक्ष द्यावे. झिजलेल्या खाचा ओल्या गवतात चेंडूला पुरेशी फिरकी देत नाहीत. शिवाय खाचांचा आकार आणि कडांची धार यांवर २०१० पासून नवे निर्बंध आले. त्यामुळे स्पर्धा खेळणाऱ्याने त्याआधीचा वेज चालेल का, हे आयोजकांना विचारून घ्यावे.

साधने की सराव?

सेव्ह बॅलेस्टेरोस यांनी लहानपणी स्पेनमधील पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच ३-आयर्नने तऱ्हेतऱ्हेचे फटके मारून खेळ घोटवला आणि पुढे पाच प्रमुख स्पर्धा जिंकल्या. हातात कौशल्य असेल तर साधन दुय्यम, असा त्याचा अर्थ काढला जातो. तो अर्धाच खरा. बॅलेस्टेरोस यांच्याकडे त्या वाळूवर घालवायला संपूर्ण बालपण होते. रविवारी सकाळचे चार तास काढणाऱ्या नोकरदाराकडे ते नाही. त्याच्यासाठी चुका थोड्या माफ करणारा क्लब ही चैन नाही, गरज आहे.

आपल्याकडे गोल्फ आधीच महाग. त्यात जाहिरात पाहून घेतलेला आणि कपाटात पडून राहिलेला वेज हा सर्वांत महाग क्लब ठरतो. स्विंग मध्यम असेल आणि मैदान वर्षभर बदलत असेल, तर ५४ किंवा ५६ अंशांचा, १० ते १२ बाउन्सचा एक वेज घेऊन त्यावर वर्षभर मेहनत करावी. दुसरा हवा की नको, आणि हवा तर कमी बाउन्सचा की जास्त, हे पावसाळा आणि उन्हाळा असे दोन्ही ऋतू खेळून झाल्यावर ठरवावे.