आजीच्या भाकरीचा जबाब
मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना खुले पत्र

बुलढाणा, ऑगस्ट 2025

माननीय मुख्यमंत्री,

सप्रेम सलाम. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं पत्राची सुरुवात पिढ्यान्‌पिढ्या अशीच करत आलो आहोत.

माझी आजी दुष्काळातली पोर. 1899-1900 साली वऱ्हाडात माणसं रस्त्याच्या कडेला मरून पडत होती, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. नेमकं वय तिलाही माहीत नव्हतं. आईबाप कुठल्या गावचे, ते वाटेत गेले की तिला सोडून पुढे निघाले, हेही नाही. खामगावच्या मिशनच्या अनाथाश्रमात ती कशी पोचली असं विचारलं की म्हणायची, "कोनीतरी हात धरून आनलं." त्याच्या आधीचं तिला काही आठवत नसे. तिची पहिली आठवण भाकरीची होती. ज्वारीची, गरम आणि अर्धीच. अर्धी का, ते तिला मोठेपणी कळलं: फार दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम पोटभर दिलं तर पोर दगावतं. देणाऱ्याने एवढा विचार केला होता, हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. आता आपण सांगा, ती अर्धी भाकरी आमिष होती का?

हा प्रश्न मला उगाच सुचलेला नाही. फेब्रुवारीत आपल्या सरकारने सक्तीच्या धर्मांतराचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. जुलैमध्ये विधिमंडळात गृहराज्यमंत्र्यांनी कडक कायदा आणण्याचं जाहीर केलं. इतर राज्यांतले असे कायदे मी वाचले आहेत. सक्ती, फसवणूक आणि आमिष हे तीन शब्द त्यांत बहुतेक ठिकाणी शेजारी शेजारी बसतात. पहिल्या दोनांना माझा विरोध नाही. धमकावून किंवा फसवून कुणाला चर्चमध्ये आणलं, तर तो आमच्या प्रभूचाच अपमान आहे, आणि त्यासाठी आजही गुन्हा दाखल करता येतो. तिसऱ्या शब्दाची मात्र भीती वाटते. शाळेची फी माफ केली, दवाखान्यात पैसे घेतले नाहीत, पीक बुडालेल्या घरी चर्चच्या पाळकाने ज्वारीचं पोतं पोचवलं, यातलं काय आमिष ठरेल, ते ठाणेदाराच्या मनावर राहील.

बुलढाण्याचे आहोत म्हणून आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. आपण नागपूरचे, आपल्याला ती माहीत असणारच. देशातल्या या कायद्यांची वंशावळ शोधत गेलं की नागपूरच्या एका दप्तराशी येऊन थांबावं लागतं. 1954 मध्ये मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. समितीने 99 प्रश्नांची प्रश्नावली काढली, 14 जिल्ह्यांत फिरली, 11,360 माणसांना भेटली. वऱ्हाडातही आली. माझे वडील तेव्हा शिक्षक होते. ती प्रश्नावली त्यांच्या बोलण्यात म्हातारपणापर्यंत येत असे, आणि आल्यावर ते थोडा वेळ गप्प होत. जिथे आपण जन्मलो, जिथे शिकवलं, तिथेच आपल्याला पाहुण्यासारखी ओळख पटवून द्यावी लागते आहे, असं त्यांना वाटलं होतं.

1956 मध्ये अहवाल आला. परदेशी पैसा आणि मिशनऱ्यांचे हेतू यांवर त्यात कडक ताशेरे होते. पुढे 1968 मध्ये मध्य प्रदेशाने जो कायदा केला, त्याची पायाभरणी या अहवालानेच केली होती. पण त्याच 1956 च्या ऑक्टोबरमध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या मान्यवरांत हेच भवानीशंकर नियोगी होते.

त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. उलट त्यांच्याविषयी माझा आदर याच एका गोष्टीमुळे वाढला. आयुष्यभर कायदा जगलेल्या या माणसाने उतारवयात आपला धर्म बदलला, आणि त्यासाठी, आज काही राज्यांत द्यावा लागतो तसा, जिल्हाधिकाऱ्यांना साठ दिवस आधी अर्ज दिला नाही. तसं कुणी मागितलंही नाही. त्या दिवशी दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखो लोकांकडे, कुणाच्या सांगण्यावरून आलात, काय मिळणार आहे, अशी विचारणा झाली असती तर? आमच्या जिल्ह्यात गावोगाव बौद्ध वस्त्या आहेत. मी तिथल्या मुलांना शिकवलं आहे. त्यांच्या आजोबांनी डोकं वर काढायचं ठरवलं, ते एका निर्णयाने. आपण धर्म बदलणार, असं बाबासाहेबांनी येवल्याला 1935 मध्ये जाहीर सांगितलं होतं हे खरं. पण सांगितलं ते आपल्या माणसांना. कचेरीची परवानगी मागितली नव्हती.

हिमाचल प्रदेशच्या तेव्हाच्या कायद्यातलं आगाऊ नोटिशीचं कलम तिथल्या उच्च न्यायालयाने 2012 मध्ये रद्द ठरवलं. मनात काय चाललं आहे हे सरकारला कळवायची सक्ती नको, हा त्यातला आशय मला पटतो. विश्वास एका तारखेला येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावीत. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्या बाईंचं घर दुभंगलं. काही वर्षं त्या रडल्या, भांडल्या, दूर राहिल्या. मग स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या. त्या वाटेवर मध्ये पोलीस उभे असते, तर ते कुणाची बाजू घेणार होते?

आमच्या चुकाही लिहितो, नाहीतर हे पत्र अर्धंच राहील. काही मिशनऱ्यांनी शेजाऱ्यांच्या देवांची टिंगल केली. ती पापच होती. आजही कुठे कुठे औषध थांबवा, नुसत्या प्रार्थनेने बरे व्हाल, असं सांगितलं जातं. ते ऐकून माझा जीव तुटतो. बाप्तिस्म्यांची संख्या मोजून परदेशी पत्रकात छापायची सवयही बरी नव्हती. पण त्याच परंपरेत 1938 मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. तिथे बरे झालेले बहुतेक लोक ज्या देवाचं नाव घेत आले, त्याच देवाचं नाव घेत घरी गेले. 1898 मध्ये बुलढाण्यात मिशनचं काम सुरू झालं, त्याला सव्वाशे वर्षं उलटली. तरी या जिल्ह्यात आम्ही मूठभरच आहोत. अख्ख्या महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत 0.96 टक्के.

आमिषाचाच हिशेब करायचा तर एक गोष्ट पाहा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. जुलैमध्ये सभागृहात आपणही त्याच आधारे दाखले रद्द करण्याचं बोललात. म्हणजे बाप्तिस्मा घेणाऱ्या गरिबाला मिळत काहीच नाही, हातातलं जातं. पोराची शिष्यवृत्ती जाते, नोकरीतली जागा जाते. एवढं गमावूनही तो येतो, तेव्हा त्याला कशाने ओढलं याचा विचार व्हायला हवा.

जूनमध्ये सत्ताधारी पक्षाच्याच एका आमदाराने सांगली जिल्ह्यात पाद्र्यांवर हल्ला करणाऱ्यांना लाखांची बक्षिसं जाहीर केली. त्यानंतरच्या रविवारी उपासनेला आलेल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीने मला विचारलं, "आजोबा, पाळकसाहेबांचा रेट ठरलाय का?" तिला उत्तर देणं माझ्या वयाला जमलं नाही. गृहखातं आपल्याकडे आहे. ते उत्तर आपण द्यावं.

कायदा करायचाच असेल तर सक्ती आणि फसवणुकीपुरता करा. आगाऊ नोटीस नको. तक्रार ज्याचं धर्मांतर झालं त्याने करावी, गावातल्या कुणाही तिऱ्हाइताने करू नये. निर्दोषपणा सिद्ध करायचं ओझं पाळकावर टाकू नका. आणि विधेयक मांडण्याआधी मसुदा जाहीर करा, तो आम्हाला समोर बसवून वाचून दाखवा. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला असेल, नाताळाच्या तोंडावर. बुलढाण्याहून सकाळची एसटी धरली की संध्याकाळपर्यंत तिथे पोचता येतं. बोलावलंत तर आम्ही येऊ. आजीचा बाप्तिस्म्याचा दाखलाही घेऊन येईन. त्यावर आईबापांच्या नावाची जागा कोरी आहे.

आपला नम्र,
बुलढाण्याच्या मंडळीतला एक निवृत्त शिक्षक