काय काढू, सुचत नाही!

चित्रकलेच्या तासाला गुरुजींनी 'आज मनातले चित्र काढा' असे सांगितले, की वर्गात काय घडते ते तुम्हांला ठाऊकच आहे. थोडा वेळ सारेजण पेन्सिलीला टोक करीत बसतात. मग बहुतेक कागदांवर दोन डोंगर उगवतात, त्यांच्यामधून सूर्य वर येतो, एक नदी वाहू लागते आणि तिच्या काठी एक झोपडी व एक नारळाचे झाड उभे राहते. ज्यांना एवढेही जमत नाही ते म्हणतात, 'काय काढू, सुचतच नाही. आमच्यापाशी कल्पनाशक्ती नाही.'

मला हे निदान मुळीच पटत नाही. उणीव कल्पनाशक्तीची नाही, पाहण्याची आहे. ज्या वस्तू आपण रोज बघतो त्या आपल्याला माहीत आहेत अशी आपली समजूत असते. म्हणून त्यांत काढण्यासारखे काही आहे, असे वाटतच नाही.

ही समजूत खरी की खोटी, ते आताच पडताळून पाहा. समोर सायकल न ठेवता सायकलीचे चित्र काढा. मग ते घेऊन खऱ्या सायकलीजवळ जा. तुमची चेन दोन्ही चाकांवरून गेली आहे काय? दोन्ही चाकांचे मध्य जोडणारी एखादी सरळ दांडी तुम्ही काढली आहे काय? तसे असेल, तर तुमच्या सायकलीचे हँडल वळायचे कसे? आता मुंगी काढा. सहा पाय आठवतील. पण ते शरीराच्या कोणत्या भागाला जोडायचे? पुष्कळजण ते पोटावर वाटून टाकतात. प्रत्यक्षात सहाही पाय मधल्या भागातून, म्हणजे छातीतून, निघतात. हजार वेळा पाहिलेली मुंगी आपण खरोखर पाहिलेलीच नसते!

चित्र काढायला बसले, की अशी फसवणूक चालत नाही. 'मुंगीला पाय असतात' हे वाक्य लिहून सुटता येते; पण रेघ कोठून तरी सुरू करावीच लागते. ती कोठून, हा प्रश्न पेन्सिल विचारते, आणि उत्तर शोधण्यासाठी डोळ्यांना पुन्हा वस्तूकडे जावे लागते. विज्ञानात ज्याला निरीक्षण म्हणतात ते याहून फार निराळे नाही.

याचे एक सुंदर उदाहरण इतिहासात आहे. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमारेषा त्याने खडबडीत दाखवली. पण ती तशी का, याचा उलगडा त्या चित्रात नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत गॅलिलिओने चंद्र पाहिला. त्याची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती हे खरे. परंतु त्याला छायाप्रकाशाचीही उत्तम जाण होती. पुढे १६१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकलेच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतले. अंधाऱ्या भागात चमकणारे ठिपके हळूहळू मोठे होऊन उजेडाला मिळतात, हे त्याने टिपले. ती सूर्योदयाच्या वेळी उजळणारी पर्वतशिखरे आहेत, हे त्याने ओळखले. १६१० मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर हॅरियटने काढलेल्या चंद्रावरही विवरे दिसू लागली!

कोणी म्हणेल, 'आता खिशातल्या मोबाइलने क्षणात फोटो निघतो, मग ही खटपट कशाला?' फोटो अवश्य काढा. पण फोटो काढताना डोळ्यांनी एकाही तपशिलाची निवड केलेली नसते. पान समोरासमोर फुटते की आळीपाळीने, याची दखल न घेताही उत्तम फोटो निघतो. चित्र तसे निघत नाही.

तेव्हा 'सुचत नाही' म्हणून अडलात, तर विषय शोधत फिरू नका. वालाचा एक दाणा ओल्या फडक्यात ठेवा आणि आठ दिवस रोज दहा मिनिटे त्याचे चित्र काढा. शेजारी तारीख व वेळ लिहा. मोड दाण्याच्या कोणत्या बाजूने आला? तो मूळ आहे की खोड? दाणा उलटा फिरवून ठेवला तर मोडाचे टोक कोणीकडे वळते? तिसऱ्या दिवशी तुमच्या लक्षात येईल, की काय काढावे हा प्रश्न उरलेलाच नाही. वही पुरत नाही हा नवा प्रश्न उभा राहिला आहे. दाणा नको असेल तर अंगणातल्या काठीची सावली घ्या, जास्वंदीचे फूल घ्या, गळक्या नळाचा थेंब घ्या.

आता दोन शब्द शिक्षकांसाठी. विज्ञानाच्या जर्नलमधली आकृती पुष्कळदा पुस्तकावरून किंवा गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असते. ती स्वच्छ असते, रेघा सरळ असतात, आणि तिला पूर्ण गुण मिळतात. शेजारच्या मुलाने खरे फूल समोर ठेवून काढलेली आकृती वेडीवाकडी असते. तिच्यात एक पाकळी किडीने खाल्लेली असते, म्हणून तिचे गुण कापले जातात. परीक्षेसाठी नीटनेटकी, नावे दिलेली आकृती यायला हवी, हे मान्य. वेळ अपुरा असतो, हेही मान्य. पण वर्षातून निदान चार आकृत्या वस्तू समोर ठेवून काढून घ्याव्यात, आणि त्यांचे गुण सफाईला न देता खरेपणाला द्यावेत. खाल्लेली पाकळी दाखवणाऱ्या मुलाने फूल पाहिले आहे. दुसऱ्याने फक्त पुस्तक पाहिले आहे.

आणि मुलांनो, दोन डोंगरांमधला तो सूर्य काढायला माझी हरकत नाही. मात्र एकदा पहाटे उठून, तो तुमच्या गावात नेमका कोणत्या झाडामागून किंवा इमारतीमागून उगवतो ते पाहून या. महिन्याभराने पुन्हा त्याच जागी उभे राहून पाहा. तो तेथेच उगवला काय? ते चित्र मात्र वर्गात दुसऱ्या कोणाचेही नसेल.