जुना चेनसॉ स्वस्तात पडतो, महाग पडतं टाकीत राहिलेलं पेट्रोल

देशाने 2025 मध्ये पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य गाठलं. चर्चा झाली ती गाड्यांच्या मायलेजची. शेतकऱ्याच्या पडवीतल्या चेनसॉकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

चेनसॉच्या अनेक कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मोटारसायकल रोज चालते, तिचं पेट्रोल संपत राहतं. चेनसॉ मात्र चार दिवस चालतो आणि महिनोन्‌महिने पडून राहतो. मग कार्बोरेटरचा डायफ्रॅम कडक होतो, पेट्रोलची नळी तडकते. अशीच बंद पडलेली मशीन सेकंडहँड बाजारात स्वस्तात येतात.

अशी मशीन घ्यावी का? आधी सायलेन्सर काढून पिस्टन बघावा. खोल ओरखडे असतील तर सोडून द्यावी. ऑइल न मिसळता पेट्रोल टाकल्यावर पिस्टनची अशीच गत होते. पिस्टन चांगला असेल तर बहुतेक वेळा नळी, फिल्टर, प्लग आणि कार्बोरेटर किट एवढ्यावर भागतं. चेनला धार गोल कानशीने घरीच लावता येते. चेन-ब्रेक मात्र ठणठणीतच हवा, तिथे काटकसर जिवावर बेतते.

दुरुस्तीचे पैसे टिकवायचे असतील तर काम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी. ग्रास कटर आणि पेट्रोलवरच्या फवारणी पंपालाही हेच लागू. याला खर्च शून्य. विसरलं तर पुढच्या हंगामात पुन्हा मेकॅनिककडे खेप.