कुणाच्या सुट्टीला भेटायचे?

जुन्या मित्रांची भेट ठरवायला बसले की पहिला प्रश्न निघतो, 'जायचे कुठे?' मग लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग अशी नावे भराभर पुढे येतात. आमचे म्हणणे असे की, पहिला प्रश्न दुसराच असावा. आपल्यापैकी कुणाला येणे सर्वांत अवघड आहे? दिवस, ठिकाण आणि खर्च या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे पाहून ठरवाव्यात. बाकीच्यांचे आपोआप जमते.

पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात तर हा प्रश्न घरोघरचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. कामाच्या शोधात लातूर, उस्मानाबाद, बीडपासून कोकणापर्यंतची माणसे इथे आली. गावे वेगळी, बोली वेगळ्या, पण एका खोलीत चौघे राहिले, एका मेसमध्ये जेवले आणि सख्ख्या भावांसारखे झाले. पुढे कारखानदारी चाकणकडे सरकली. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले वाहनांचे उत्पादन २००७ मध्ये थांबले, तर चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनच्या मोटारी बनू लागल्या. काम जिकडे गेले तिकडे माणूस गेला. ज्या रोजगाराने मित्र दिले, त्यानेच ते दूरही नेले.

आमच्या सहा जणांचे तेच झाले. आयटीआयला एकत्र होतो, अप्रेंटिसशिप एकाच वर्षी संपली. आज एक रत्नागिरीत आहे, एक वाळूजला, एक हैदराबादला. दोघे पिंपरी-चिंचवडमध्येच राहिले आणि एक चाकणला कंत्राटी कामावर आहे. गेल्या वर्षी ग्रुपवर भेटीचा विषय निघाला. रविवार आणि लोणावळ्याचे रिसॉर्ट असा प्रस्ताव आला. चाकणच्या मित्राने लिहिले, 'तुम्ही जाऊन या, माझी ड्युटी आहे. फोटो टाका.' एवढेच.

असा निरोप आला की लोक 'अरेरे' लिहितात आणि पुढच्या तयारीला लागतात. आमच्यातल्या एकाने त्याला फोन लावला. खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. कंत्राटी कामगाराला सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. तो ब्रेक नुकताच संपला होता, घरभाडे थकले होते आणि नव्या ठेकेदाराकडे खाडा म्हणजे पगाराला कात्री. रिसॉर्टच्या एका रात्रीचे पैसे म्हणजे त्याच्या घरचा पंधरा दिवसांचा किराणा. हे तो ग्रुपवर कसे लिहिणार? गरजवंत माणूस मित्रांपासून तुटतो तो भांडणाने नव्हे. 'ड्युटी आहे' असे चार वेळा लिहितो आणि पाचव्या वेळी त्याला कुणी विचारतही नाही.

ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, ते जेवण वाईट असल्याची ताकीद हदीसमध्ये आली आहे. आम्हाला वाटते, मित्रांच्या मेजवानीलाही हाच नियम लावावा. गरिबाला तोंडाने 'येऊ नकोस' म्हणण्याची गरजच नसते. खर्चाचा आकडा त्याला परस्पर बाहेर ठेवतो.

मग बेत बदलला. आधी दिवस. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ कारखाने गुरुवारी बंद असतात. सगळीकडे एकाच दिवशी विजेचा भार येऊ नये म्हणून सुट्टीचे वार वाटून दिलेले, तीच पद्धत चालत आली आहे. चाकणच्या मित्राची सुट्टीही गुरुवारचीच. तेव्हा भेट गुरुवारी ठरली. ज्यांना भरपगारी रजा मिळते त्यांनी रजा टाकली. शुक्रवार टळल्याने जुम्याचीही ओढाताण झाली नाही.

मग ठिकाण. रिसॉर्टऐवजी जुन्नर. वल्लभनगर स्थानकातून एसटीने निघालो. चाकणचा गडी वाटेत चढला. पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि जुन्नर. हे गाव म्हणजे निजामशाहीची पहिली राजधानी, मलिक अहमदने १४९० मध्ये इथूनच स्वतंत्र राज्य सुरू केले. समोरचा शिवनेरी हे छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान. गडावर कमानी मशीद आहे. तिच्या दोन मिनारांना जोडणारी कमान दुरूनही नजरेत भरते. मुलांना इतिहास दाखवायला याहून चांगली जागा जवळपास शोधून सापडणार नाही. जेवण घरून बांधून नेले: भाकरी, सुका मटण आणि रत्नागिरीकराने आणलेली सुकी मासळी.

खर्चाचे असे केले. सगळ्यांनी कोरी पाकिटे घेतली, ज्याला जमेल तेवढी रक्कम घातली आणि नाव न लिहिता एका पिशवीत टाकली. तिघे सफरीला निघाले तर त्यांनी एकाला अमीर नेमावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. अमीर म्हणजे इथे श्रीमंत नव्हे, प्रमुख. आमच्यातल्या सर्वांत कमी कमावणाऱ्यालाच आम्ही अमीर केले आणि पिशवी त्याच्या हाती दिली. त्या रस्त्याची माहितीही त्यालाच जास्त. तिकिटे त्याने काढली, कुठे उतरायचे ते त्याने सांगितले. दिवसभर त्याला कुणापुढे हात पसरावा लागला नाही की कुणाचे उपकार मानावे लागले नाहीत.

नमाजचा मसला निघण्याआधीच इमामसाहेबांना विचारून घेतला होता. हनफी उलेमा मुसाफिरीसाठी सुमारे ७७-७८ किलोमीटर अंतर धरतात आणि ते वस्तीची हद्द सोडल्यापासून मोजतात. त्यामुळे आम्हा तिघा स्थानिकांना जोहर पूर्ण चार रकात पढायला सांगितले. बाहेरगावहून आलेले तिघे मुसाफिर, त्यांना कसर म्हणजे दोन. त्यांच्यातला एक इमाम झाला. दोन रकातींनंतर त्याने सलाम फेरला आणि आम्ही तिघे उरलेल्या दोन पूर्ण करायला उभे राहिलो. रत्नागिरीचा मित्र शाफई. त्याच्या मसलकप्रमाणे मुसाफिराला जोहर आणि असर एकत्र पढता येतात, तशी त्याने पढली. शरियतने प्रत्येकाची अडचण पाहून सवलत ठेवली आहे. दोस्तीतही प्रत्येकाची अडचण तशीच पाहायला हवी.

भगिनींच्या बाबतीत तर हे आणखी अवघड. लग्न झाले की शाळेतली मैत्रीण वेगळ्या जिल्ह्यात जाते आणि पुढची वीस वर्षे दोघींची भेट कुणाच्या तरी लग्नातच होते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे भाड्याची अडचण निम्मी झाली. उरली ती घराची अडचण. एक दिवस स्वयंपाक, मुले आणि सासू-सासऱ्यांचे औषधपाणी सांभाळले तर नवऱ्याचे काही बिघडत नाही. मित्रांना भेटून ताजेतवाने होऊन आलेल्या प्रत्येक पुरुषाने घरी विचारावे, 'तुझी मैत्रीण कुठे असते? कधी भेटायचे आहे तिला?'

हदीसमध्ये एका माणसाची हकीकत आहे. तो दुसऱ्या गावी आपल्या बांधवाला भेटायला निघाला. वाटेत अल्लाहने एक फरिश्ता उभा केला. फरिश्त्याने विचारले, त्याच्याकडे तुझे काही काम आहे काय? काही येणे-देणे? माणूस म्हणाला, काही नाही, केवळ अल्लाहसाठी माझे त्याच्यावर प्रेम आहे. तेव्हा फरिश्त्याने खूशखबर दिली की, अल्लाहचेही तुझ्यावर तसेच प्रेम आहे. या हकीकतीत ना ठिकाणाचे वर्णन आहे, ना मेजवानीचे. भेटायला निघणे, एवढीच गोष्ट मोलाची ठरली आहे.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, यंदा भेट ठरवताना ग्रुपवर 'जमणार नाही' लिहिणाऱ्याला आधी फोन करा. त्याचा वार विचारा, ठिकाण त्याच्या वाटेवरचे निवडा, पैशांची पिशवी त्याच्या हाती द्या. तरीही त्याला येणे जमले नाही, तर सगळ्यांनी त्याच्याच घरी जावे. चहा तर तिथेही मिळतो. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या दोस्त्या सलामत ठेवो. आमीन.