मदत की भरपाई?

गारपीट झाली की कळवण तालुक्यात दोन शब्दांवरून हमखास भांडण होतं. सरकार म्हणतं 'मदत', शेतकरी म्हणतो 'भरपाई'. बाहेरच्याला हा शब्दांचा कीस वाटेल. पण ज्याचा उन्हाळ कांदा वाफ्यातच सडला त्याला फरक पक्का ठाऊक असतो. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, भरपाई मागता येते.

जर्मनी आणि नामिबियाचं नेमकं इथंच अडलं. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन वसाहती फौजांनी नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. मे २०२१ मध्ये जर्मनीनं त्याला वंशसंहार म्हटलं आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले. दोन सरकारांनी बोलणी करून ठरवलेल्या मसुद्यात मात्र शब्द आले 'पुनर्बांधणी आणि विकास'. भरपाई हा शब्द कटाक्षानं टाळला. वंशजांच्या अनेक संघटनांनी तो मसुदा धुडकावला.

यावर शहाणी माणसं म्हणतात, नावात काय आहे, शाळा-विहिरी तर होतील! होतील की. पण 'विकास' म्हटलं की विहीर कुठं खोदायची हे दोन राजधान्या ठरवतात, आणि ज्यांचे पूर्वज वाळवंटात तहानेनं मेले ते लाभार्थ्यांच्या यादीत जाऊन बसतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नामिबियाचं सरकार लोकांनी निवडलेलं आहे; जर्मनीनं जमातीजमातींशी बोलणी करायची का? मग आपल्याकडे पाहा. आपलंही सरकार निवडूनच येतं, तरी कळवण घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या आदिवासी क्षेत्रात आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला विचारणं बंधनकारक केलं. निवडून आलेलं सरकारही डोंगरातल्या पाड्याच्या वतीनं परस्पर बोलू शकत नाही, हे आपण कायद्यानं कबूल केलंय. (ठरावाची वही सह्यांसाठी घरोघर फिरते, हे मलाही माहीत आहे. पण तो कायद्याचा दोष नव्हे.)

म्हणून जर्मन पैसाच वाईट, असं कुणी म्हणेल तर तेही मला मान्य नाही. फादर हर्मन बाखर आणि नाबार्ड यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रात उभा राहिलेला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम जर्मन पैशावरच चालला. पण तिथं आधी गाव श्रमदानाला उतरायचं, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी मान्य करायचं, पाणलोट समिती ग्रामसभेत निवडायचं. मग माथ्यापासून पायथ्याकडे चर खोदले जायचे. देणारा तोच देश, पण गावाच्या होकाराशिवाय काम पुढं सरकत नसे.

आमच्याकडे पंचनाम्याला तलाठी बांधावर येतो. शेतकरी एक कांदा उपटून विळ्यानं उभा चिरतो, आतली काळी पडलेली पात दाखवतो, मग कागदावर सही करतो. रक्कम पुढं कितीही तुटपुंजी निघो, नुकसान किती झालं हे सांगायला तो स्वतः तिथं उभा असतो. हेरेरोंचा पंचनामा बर्लिन आणि विंडहुकच्या कचेऱ्यांत झाला.