नामका चूचा थकलेला हिशेब

२० ऑक्टोबर १९६२ रोजी पहाटे ईशान्य सीमेवर नामका चू नदीच्या काठी चिनी तोफा धडाडल्या आणि दुपार होण्यापूर्वीच भारताची सातवी ब्रिगेड मोडून पडली. या पराभवाची आठवण निघाली की चीनच्या विश्वासघाताचा उच्चार हटकून होतो. तो विश्वासघात होताच. परंतु आपला जवान तेथे कोणत्या स्थितीत दिवस कंठीत होता, हे पाहिल्यावाचून त्या पराभवाचा अर्थ लागणार नाही, असे आम्हांस वाटते.

चिनी सैन्य थागलाच्या डोंगरधारेवर, आणि आपले जवान खाली नदीच्या खोल दरीत! अंगावर सुती गणवेश, पायांत कॅनव्हासचे बूट, हाती जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल आणि माणशी जेमतेम पन्नास काडतुसे. विमानातून टाकलेल्या शिध्यापैकी बराचसा दऱ्याखोऱ्यांत नाहीसा होई. ही जागा लढण्याजोगी नाही, असे ब्रिगेडियर जॉन दळवी वरिष्ठांना कळवीत होते. दिल्लीचा आग्रह मात्र चिन्यांना हुसकावून लावण्याचा होता. २२ ऑक्टोबरला दळवी स्वतः शत्रूच्या हाती सापडले.

उणीव शौर्याची नव्हती. १८ नोव्हेंबरला लडाखमधील रेझांग ला खिंडीत, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, मेजर शैतानसिंग यांची तुकडी अखेरपर्यंत झुंजली. डोंगर आड आल्यामुळे तिला स्वकीय तोफांचे साहाय्यही मिळू शकले नाही. शंभराहून अधिक जवान तेथे पडले. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांचे देह सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती.

या साऱ्याची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ मध्ये केली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांनी त्याच वर्षी सप्टेंबरात प्रशिक्षण, शस्त्रसामग्री व सेनानेतृत्व यांतील उणिवा लोकसभेत सांगितल्या. मूळ अहवाल मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने प्रसिद्ध केला नाही. नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने २०१४ मध्ये त्याचा काही भाग जगापुढे मांडला, तरी गोपनीयतेचा शिक्का कायमच राहिला!

सीमेचा वाद मिटलेला नाही, म्हणून अहवाल झाकावा, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. सैन्याच्या हालचालींना आजही बाध आणील असा मजकूर खुशाल वगळावा. परंतु बूट का नव्हते, काडतुसे का पोहोचली नाहीत आणि आघाडीवरचा इशारा कोणी अव्हेरला, यांत शत्रूपासून लपविण्याजोगे काय आहे? लपते आहे ती केवळ जबाबदारी.

सरकारी आकड्यांप्रमाणे त्या युद्धात १,३८३ जवान मृत्युमुखी पडले आणि १,६९६ बेपत्ता झाले. त्यांनी आपले देणे चुकते केले. राज्यकर्त्यांचे देणे अजून थकलेले आहे.