खडबडीत, पण कोणासाठी?

शाळेत परावर्तन शिकवताना फळ्यावर एक आरसा, एक स्तंभिका आणि दोन बाण काढले जातात. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे मुले पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण ‘समोरची भिंत प्रकाश परावर्तित करते का?’ असे विचारले, की अनेक जण अडखळतात. परावर्तन म्हणजे आरसा, एवढेच मनात ठसलेले असते.

हा समज एका साध्या प्रयोगाने दूर होतो. अंधाऱ्या खोलीत आरसा आणि पांढरा कागद शेजारी ठेवून वरून टॉर्चचा झोत टाकावा आणि बाजूने पाहावे. कागद उजळलेला दिसतो, आरसा काळा. आरशाने प्रकाश एकाच दिशेला परत पाठवला. तो आपल्या डोळ्यांपर्यंत आलाच नाही. कागदाने तो सगळीकडे विखुरला. पहिले नियमित परावर्तन, दुसरे अनियमित.

मग गुळगुळीत कशाला म्हणायचे? ते हाताच्या स्पर्शावर ठरत नाही. पृष्ठभागावरचे उंचवटे लहरीच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे वेव्हलेंथपेक्षा, बरेच लहान असतील, तर तो त्या लहरीसाठी आरसाच असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 400 ते 700 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तिच्यापुढे कागद डोंगराळ ठरतो. आपल्या बोलण्यातील ध्वनीची तरंगलांबी मात्र काही सेंटिमीटर ते काही मीटर असते. म्हणून गडाचा दगडी तट प्रकाशाला विखुरतो, पण आपली हाक परत करतो.

याचे भव्य उदाहरण जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. जाळीची भोके 10 ते 20 मिलिमीटरची, तर टिपायच्या रेडिओ लहरी सुमारे 20 सेंटिमीटर आणि त्याहून लांब. त्यामुळे लहर परतते आणि वारा आरपार जातो. वाऱ्याचा ताण कमी, म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही कमी.

हेच तत्त्व पावसाळी रात्री रस्त्यावर जिवाशी निगडित होते. कोरडे डांबर हेडलाइटचा प्रकाश विखुरते आणि त्यातला काही चालकाकडे परत येतो. पाण्याचा थर तेच डांबर गुळगुळीत करतो. प्रकाश पुढे निघून जातो, रस्ता काळा दिसतो आणि समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येतात.

म्हणूनच कोनांच्या नियमावरच हा धडा संपवणे अपुरे आहे. पृष्ठभाग दाखवला, की ‘कोणत्या लहरीसाठी?’ हा प्रश्न मुलांनी विचारायला शिकले पाहिजे. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. टॉर्च, आरसा आणि कागद आधी हाती द्यावेत. फळ्यावरची आकृती त्यानंतर काढावी.